सेकंड हँड सेकंद काटा

बाबांचं जुनं चावीचं घड्याळ दुरुस्तीला टाकलं. बारा-पंधरा वर्षं ते कपाटातल्या डब्यात पडून होतं आणि त्याचा सेकंद काटा मुळापासून मोडला होता. आमच्या पेठेत घड्याळं दुरुस्त करणारे एकच काका उरलेत. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाले, "मशीन झकास आहे. साफ करून तेल देतो. काटा मात्र नवा मिळायचा नाही आता, जुन्यातला काढून बसवतो. चालेल ना?" चालेल म्हटलं. त्यांनी पावती फाडून हातात दिली. तिच्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'सर्व्हिसिंग. सेकंद काटा, सेकंड हँड.'

घरी येईपर्यंत ती पावती डोक्यात घोळत राहिली. हेच काकांना इंग्रजीत लिहायचं असतं तर? घड्याळाच्या काट्याला इंग्रजीत हात म्हणतात, म्हणजे हँड. तेव्हा सेकंद काटा झाला सेकंड हँड, आणि तो वापरलेला, म्हणून पुन्हा सेकंड हँड. 'सेकंड हँड सेकंड हँड'. वाचणाऱ्याला वाटलं असतं काकांनी चुकून दोनदा लिहिलंय. त्यात आणखी गंमत अशी की हा 'सेकंड' हँड तबकडीवरचा तिसरा काटा असतो.

मराठीत हा घोटाळा होत नाही, कारण हा एक इंग्रजी शब्द आपण दोनदा घेतला. वेळेचा घेतला तो 'सेकंद', द घालून. क्रमाचा घेतला तो 'सेकंड', ड घालून. इंग्रजीतला असा ड एरवी आपल्याकडे ड म्हणूनच येतो: डॉक्टर, बँड, डिसेंबर. सेकंद त्याला अपवाद, आणि तो अपवाद आपण फार इमानाने पाळतो. 'सेकंडचा पास काढला', 'सेकंड शिफ्टला आहे', 'सेकंड गिअर टाक', 'सिनेमाचा सेकंड हाफ रटाळ आहे', या वाक्यांत चुकूनही द येत नाही. आणि 'दहा सेकंद थांब' मध्ये द. शहरात हल्ली 'दहा सेकंड थांब' ऐकू येतं हे खरं, पण 'सेकंद गिअर टाक' म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आपण कानाने दोन वेगळे शब्द मानले, त्यामुळे एक साधा प्रश्न मराठी माणसाला सहसा पडतच नाही. इंग्रजीत हे दोन्ही एकच असतील, तर वेळेच्या त्या एवढ्याशा तुकड्याला 'दुसरा' का म्हणतात? आणि हा दुसरा, तर पहिला कोण?

पहिला म्हणजे मिनिट.

ही गोष्ट घड्याळांच्या कितीतरी आधीची आहे. बाबिलोनचे ज्योतिषी आकडेमोड साठाच्या पटीत करत. साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस, तीस, सगळ्यांनी नि:शेष भाग जातो, त्यामुळे अपूर्णांकांची कटकट कमी. ही पद्धत ग्रीक ज्योतिषांनी उचलली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने ताऱ्यांची कोष्टकं केली ती याच साठाच्या भागांत. एका अंशाचे साठ भाग केले की ते पहिले बारीक भाग. त्यातल्या एकाचे पुन्हा साठ केले की ते दुसरे बारीक भाग. लॅटिनमध्ये पहिल्याला 'पार्स मिनुटा प्रिमा' म्हणत, दुसऱ्याला 'पार्स मिनुटा सेकुंदा'. मिनुटा म्हणजे बारीक केलेला, प्रिमा म्हणजे पहिला, सेकुंदा म्हणजे दुसरा. रोज बोलायला एवढं लांबलचक नाव कोण वापरणार? पहिल्यातलं 'बारीक' तेवढं ठेवलं, त्याचं मिनिट झालं. दुसऱ्यातलं 'दुसरा' तेवढं ठेवलं, त्याचा सेकंद झाला.

म्हणजे मिनिट या शब्दात 'साठ' कुठेच नाही आणि सेकंद या शब्दात 'वेळ' कुठेच नाही. दोन्ही नावं कापून उरलेले तुकडे आहेत. इंग्रजीत तेच मिनिट स्पेलिंग न बदलता 'मायन्यूट' असं उच्चारलं की अर्थ होतो सूक्ष्म. शाळेत हे स्पेलिंग पाठ करताना हा बारीकपणा कोणी दाखवला असता तर बरं झालं असतं.

अरबीत तर हे अजून उघड दिसतं. तिथे मिनिटाला 'दकीका' म्हणतात, म्हणजे बारीक, आणि सेकंदाला 'सानिया', म्हणजे दुसरी. आणि दुसऱ्यावर थांबायचं असा काही नियम नव्हता. महमूद गझनवीच्या काळात हिंदुस्थानात येऊन गेलेल्या अल-बिरुनीने इसवी सन १०००च्या सुमारास अमावास्यांचं गणित मांडलं, त्यात तास, मिनिट, सेकंद, त्याखाली 'तिसरे' आणि त्याखाली 'चौथे' भागही आहेत. इंग्लंडच्या रॉजर बेकन या पंडिताने १२६७ मध्ये पौर्णिमेच्या वेळा अशाच चौथ्या भागापर्यंत लिहिल्या. हे सगळं कागदावर. त्या काळी सेकंद मोजणारं यंत्र जगात नव्हतं, तिसऱ्या-चौथ्याची तर बातच सोडा. सेकंद कित्येक शतकं फक्त गणितात होता, कोणी ऐकलेला नव्हता.

हे वाचताना पंचांग पाहणाऱ्यांना ओळखीचं वाटेल. आपल्याकडेही दिवसाच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. घटिका म्हणजे २४ मिनिटं, पळ म्हणजे २४ सेकंद, विपळ म्हणजे सेकंदाचा पाऊण नाही, अर्धाही नाही, ०.४ भाग. कोनाच्या मापातही तीच शिडी: अंश, अंशाच्या साठ कला, कलेच्या साठ विकला. पळ-विपळ, कला-विकला. पहिल्यांदा बारीक केलं ते पळ, पुन्हा बारीक केलं ते विपळ. आपण 'दुसरं' म्हणालो नाही, पुढे 'वि' लावून मोकळे झालो. इंग्रजी नकाशात अक्षांश-रेखांशाला मिनिट-सेकंद लिहिलेले दिसतात तेव्हा बरेच जण गोंधळतात, जागा सांगताना वेळ कुठून आली म्हणून. वेळ आलेली नाही. कोनाचं माप आधीचं, वेळेने ते नंतर उसनं घेतलं. अक्षांशाचा एक सेकंद, म्हणजे आपली एक विकला, जमिनीवर सुमारे ३१ मीटर भरते. एखाद्या सोसायटीच्या फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत. आणि वेळेचा एक सेकंद? तेवढ्यात पृथ्वीच्या फिरण्यामुळे मुंबई सुमारे ४४० मीटर पूर्वेला सरकलेली असते.

आता 'दुसरा' या अर्थाकडे वळू, कारण इंग्रजीतला सगळा पसारा तिथूनच फुटतो. लॅटिन 'सेकुंदुस' चा मूळ अर्थ दोन या आकड्याशी बांधलेला नाही. 'सेक्वी' म्हणजे मागून जाणं, सोबत जाणं. त्यावरून सेकुंदुस म्हणजे मागून येणारा. सिनेमाचा सीक्वल, सीक्वेन्स, हे सगळे त्याच घरातले. आणि हे घर आपल्या ओळखीचं आहे. संस्कृतात 'सच्' हा धातू आहे, अर्थ तोच: सोबत असणं, मागून जाणं. त्यावरून सचिव. राजासोबत राहणारा तो सचिव. तेव्हा सेकंड आणि सचिव हे एकाच मुळाचे दूरचे भाऊबंद. आपण सेक्रेटरीला सचिव म्हणतो, पण सेक्रेटरीचं मूळ 'सीक्रेट' शी जुळतं, सचिवाशी त्याची सोयरीक नाही. मुंबईतल्या ज्या इमारतीला आज मंत्रालय म्हणतात तिचं नाव पूर्वी सचिवालय होतं. इंग्रजी सेकंडचा तो आजोळचा वाडाच म्हणायचा.

'मागून येणारा' हा अर्थ एकदा डोक्यात बसला की इंग्रजीतले बरेचसे विचित्र वाटणारे वापर सरळ होतात. सभेत कोणी ठराव मांडतो आणि दुसरा कोणी 'आय सेकंड' म्हणतो. मी दुसरा आहे, असं तो सांगत नाही. मी तुझ्या मागे आहे, असं सांगतो. सोसायटीच्या निवडणुकीचा अर्ज ज्याने भरलाय त्याला सूचक आणि अनुमोदक हे दोन रकाने आठवतील. तो अनुमोदक म्हणजे हा सेकंड करणारा. आणि 'अनु' चा अर्थ काय? मागून. मराठीत हा शब्द ज्या कोणी बसवला त्याच्या मनात लॅटिन असो वा नसो, त्याने नेम अचूक मारला.

युरोपात द्वंद्वयुद्धं होत तेव्हा लढणाऱ्या प्रत्येकाबरोबर एक साथीदार असे, तो त्याचा सेकंड. मुष्टियुद्धात अजूनही प्रत्येकाच्या कोपऱ्यात पाणी, टॉवेल, मलम घेऊन माणसं असतात, तेही सेकंड. फेरी सुरू होण्याआधी 'सेकंड्स आउट!' अशी आरोळी होते. टीव्हीवर ती ऐकून मला लहानपणी वाटायचं की घड्याळातले सेकंद संपले. साथीदारांनी रिंगणाबाहेर व्हावं, एवढाच तिचा अर्थ.

नोकरीतला एक वापर परदेशी कंपन्यांत काम करणाऱ्यांना हमखास भेटतो. 'ही इज सिकाँडेड टू लंडन.' स्पेलिंग तेच, पण उच्चारताना जोर दुसऱ्या अक्षरावर, 'सिकाँड'. सरकारी मराठीत ही प्रतिनियुक्ती, बोलीत डेप्युटेशन. माणूस एका खात्याचा, तात्पुरता दुसऱ्या खात्यात. तो सेकंड उच्चारला तर समोरचा इंग्रज बुचकळ्यात पडतो, हे मी पाहिलंय.

जेवणाच्या टेबलावर कोणी 'हू वॉन्ट्स सेकंड्स?' विचारलं तर वेळ विचारत नाहीये, पुन्हा वाढू का म्हणतेय. आपल्या पंगतीत याला वेगळा शब्द लागला नाही, कारण आपल्याकडे 'कोणाला हवंय' असं विचारतच नाहीत, सरळ वाढतात. कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानावर 'सेकंड्स' ची पाटी असेल तर तो किंचित डाग पडलेला, विणीत चूक असलेला, स्वस्तात काढलेला माल. वापरलेला नव्हे, कोराच. सेकंड हँडशी त्याची गल्लत करू नये. इथे 'मागून येणारा' घसरून 'कमी प्रतीचा' झाला. हीच घसरण आपल्याकडे फारसीतून आलेल्या 'दुय्यम' ची झाली. मूळ अर्थ फक्त दुसरा, अव्वलच्या नंतरचा. आज कोणाला दुय्यम म्हणून पाहा.

अर्थाची एक गाठ मात्र खरोखर फसवी आहे, आणि ती सोडवताना इंग्रजीच्या घरातली एक जुनी भानगड बाहेर येते. जुन्या इंग्रजीत 'सेकंड' हा शब्दच नव्हता. पहिला, मग 'अदर', मग तिसरा, असं मोजत. 'अदर' म्हणजे दुसराही आणि वेगळाही. हे आपल्याला अजिबात नवीन नाही. मराठीत आजही 'दुसरा' दोन्ही कामं करतो. 'दुसरा नंबर आला' मध्ये क्रम आहे, 'दुसरा शर्ट दाखवा' मध्ये वेगळेपण आहे, आणि दुकानदार गोंधळत नाही. क्रिकेटमधला 'दूसरा' चेंडू घ्या: ऑफस्पिनरच्या त्या चेंडूला समालोचक दूसरा म्हणतात तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा म्हणत नाहीत, नेहमीपेक्षा निराळा, उलट्या बाजूला वळणारा म्हणतात. इंग्रजीला मात्र ही दुहेरी नोकरी चालली नाही. फ्रेंचमधून सेकंड आणला, क्रम त्याच्याकडे सोपवला, वेगळेपण 'अदर' कडे ठेवलं. पण जुन्या दिवसांची एक खूण उरली. 'एव्हरी अदर डे' आणि 'एव्हरी सेकंड डे', दोन्हींचा अर्थ एकच: दिवसाआड.

आता बँकेचा शनिवार घ्या. १ सप्टेंबर २०१५ पासून आपल्याकडे बँकांना महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. एखाद्या मित्राने परदेशातल्या सहकाऱ्याला इंग्रजीत लिहिलं, 'बँक्स आर क्लोज्ड एव्हरी सेकंड सॅटरडे'. मनात मराठी चालू: दर महिन्याचा दुसरा शनिवार. वाचणाऱ्याने समजून घेतलं: एक शनिवार सोडून एक. चार शनिवारांच्या महिन्यात त्याचा हिशोब बँकेच्या सुट्ट्यांशी जुळतो, म्हणून चूक लक्षातही येत नाही. महिन्यात पाच शनिवार आले की घडी मोडते. एकाआड एक मोजणारा पाचवा शनिवार सोडून पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सुट्टी धरून बसतो, आणि त्या दिवशी बँक उघडी असते. लिहायचं होतं 'द सेकंड अँड फोर्थ सॅटरडे ऑफ एव्हरी मंथ'. लांब आहे, पण निस्तरावं लागत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर 'एव्हरी सेकंड डे' असेल तर तीही गोळी दिवसाआड. महिन्याच्या दोन तारखेला नव्हे.

वेळेचा सेकंद बोलण्यात येतो तेव्हा तो बहुतेक वेळा सेकंद नसतोच. 'जस्ट अ सेकंड' म्हणून आत गेलेला माणूस दहा मिनिटांनी येतो. मराठीत हेच काम आपण मिनिटाकडून करून घेतो. बोट वर करून 'एक मिनिट हं' म्हटलं की समोरच्याने साठ सेकंद मोजायचे नसतात. यात बिघडत काही नाही. बिघडतं ते भाषांतरात. 'फॉर अ सेकंड आय थॉट' याचं 'एका सेकंदासाठी मला वाटलं' असं मराठी सबटायटल मी कितीदा पाहिलं असेल! आपल्याकडे 'क्षणभर वाटलं' असताना हे कशाला? 'नॉट फॉर अ सेकंड' म्हणजे 'मुळीच नाही'. 'वेट अ सेकंड' हे बोलणारा काहीतरी उमगून दचकला असेल तर 'अरे थांब, म्हणजे...' असं होतं. तिथे 'एक सेकंद थांबा' लिहिलं की ते बसच्या कंडक्टरचं वाक्य वाटतं. सेकंद आपल्याकडे अजून मोजायचा शब्द आहे. तो धावण्याच्या शर्यतीत, सिग्नलवर, सुकलेल्या सिमेंटसारखा पक्का. भावनांसाठी क्षण आहे, निमिष आहे, पळभर आहे.

तर मोजण्याकडेच जाऊ.

सेकंद खरा ऐकू आला तो लंबकामुळे. ख्रिश्चन हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं. त्याआधीची घड्याळं दिवसात पाव तासानेही चुकायची, त्यांना मिनिट काटा लावणं म्हणजेसुद्धा उगाच मिरवणं होतं. लंबकाने ती चूक सेकंदांवर आणली. घरी करून पाहा. एका दोऱ्याला लोखंडी नट बांधा, टांगायच्या बिंदूपासून नटापर्यंत एक मीटरला अर्धा सेंटिमीटर कमी ठेवा, आणि हळूच झोका द्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला त्याला एक सेकंद लागतो. झोका लहान दिला तरी एक सेकंद, थोडा मोठा दिला तरी एक सेकंद. हे पहिल्यांदा पाहिलं की खोटं वाटतं.

लांबी जवळजवळ एक मीटर येते हे लक्षात आलं? फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी नवं माप ठरवताना याच लंबकाची लांबी एकक धरावी असा प्रस्ताव होता. अडचण अशी की तो लंबक सगळीकडे सारखा चालत नाही. जाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिषी १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळ कायेन इथे गेला, तर पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. विषुववृत्ताशी गुरुत्व किंचित कमी, म्हणून लंबक सुस्त. शेवटी मीटर ठरवला तो पृथ्वीच्या परिघावरून. त्याच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये वेळही दहाच्या हिशोबात आणायचा प्रयत्न केला: दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं, मिनिटाचे शंभर सेकंद. त्यांचा सेकंद आपल्या ०.८६४ सेकंदाएवढा होता. राजाचं डोकं उडवणाऱ्या लोकांना घड्याळातला साठ काही हलवता आला नाही. दोन वर्षांत तो नाद सोडला.

बाबांच्या घड्याळात लंबक नाही. त्यात केसासारख्या बारीक स्प्रिंगवर पुढे-मागे डोलणारं एक चाक आहे. काकांनी ते मला भिंगातून दाखवलं. अशी घड्याळं तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. म्हणून चावीच्या घड्याळाचा सेकंद काटा नीट पाहिलात तर उडी मारत नाही, सरपटतो. एका सेकंदात पाच बारीक पावलं टाकतो. सेलवरच्या घड्याळाचा काटा उडी मारतो, कारण त्याचं पोट निराळं. त्यात क्वार्ट्झचा एवढासा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याचे निम्मे करा, १६,३८४. पुन्हा निम्मे, ८,१९२. असं पंधरा वेळा केलं की बरोबर एक उरतो. आतली चिप दुसरं काही करत नाही, पंधरा वेळा निम्मे करते आणि काट्याला एक धक्का देते.

इथवर सेकंदाचं लहानपण चालू होतं. व्याख्येने तो दिवसाचा लेक होता: दिवस भागिले ८६,४००. म्हणजे आधी पृथ्वीने एक फेरी मारायची, मग तिचे तुकडे करायचे. विसाव्या शतकात कळलं की पृथ्वी काही इमानी घड्याळ नाही. समुद्राच्या भरती-ओहोटीच्या घासण्याने ती हळूहळू मंदावते आहे आणि मधूनच लहरीपणाही करते. म्हणून १९६० मध्ये सेकंद दिवसावरून काढून वर्षावर टांगला: १९०० सालच्या एका वर्षाचा ३,१५,५६,९२५.९७४७ वा भाग. ही व्याख्या अचूक होती आणि कोणाच्या उपयोगाची नव्हती. सरून गेलेलं वर्ष कोण कसं मोजणार?

तोवर १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये लुई एसन आणि जॅक पॅरी यांनी सीझियमचं घड्याळ चालू केलं होतं. सीझियमच्या अणूतल्या एका विशिष्ट बदलाला ठरावीक वारंवारतेच्या लहरीच लागू पडतात, दुसऱ्या कुठल्याच नाहीत, आणि जगातला कुठलाही सीझियम १३३ अणू घ्या, आकडा तोच. १९६७ मध्ये ठरलं: अशी ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं मोजली की झाला एक सेकंद. नऊ अब्ज एकोणीस कोटी सव्वीस लाख एकतीस हजार सातशे सत्तर. हा ओबडधोबड आकडा कुठून आला? नवा सेकंद जुन्या सेकंदाएवढाच यायला हवा होता, म्हणून तीन वर्षं चंद्राची चाल आणि सीझियमची आंदोलनं शेजारी ठेवून मोजली. जे निघालं ते निघालं.

आणि तिथे नातं उलटं झालं. आता दिवसातून सेकंद काढत नाहीत. सेकंद आधी, त्याचे साठ म्हणजे मिनिट, ३,६०० म्हणजे तास. १९८३ पासून मीटरही सेकंदावरूनच ठरतो: प्रकाश एका सेकंदात २९,९७,९२,४५८ मीटर जातो, यावरून. जो सगळ्यांत शेवटी जन्मला, ज्याला धड स्वत:चं नावही नाही, नुसतं 'दुसरा', तोच घरचा कर्ता झाला.

कर्त्याचं आणि पृथ्वीचं मात्र पटेना. त्याचं कारण बहुतेक ठिकाणी चुकीचं सांगितलं जातं. लीप सेकंद, म्हणजे घड्याळ पृथ्वीशी जुळवायला घातलेला जादा सेकंद, द्यावा लागतो म्हणजे दिवस दरवर्षी एका सेकंदाने वाढतो, असं नाही. पूर्वी कापड हाताने मोजत, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. समजा एका घराण्यात आजोबांचा हात मापून लोखंडी पट्टी बनवली. नातवाचा हात केसभर लांब निघाला. नातू हाताने मोजत गेला आणि शेजारी पट्टीने मोजत गेले, तर एका हाताला फरक दिसणार नाही, हजार हातांना चांगलाच दिसेल. आपला सेकंद ही आजोबांची पट्टी आहे. त्याची लांबी ज्या गणितावरून आली ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या आकाशाच्या नोंदींवर उभं होतं. पृथ्वीचा दिवस त्यानंतर दोनेक मिलीसेकंदांनी लांबला. रोज दोन मिलीसेकंद म्हणजे वर्षाला पाऊण सेकंदाच्या आसपास. साचला की भरपाई.

ती भरपाई १९७२ पासून चालू आहे. आजवर २७ लीप सेकंद घातले, त्यातले २२ तर १९९८ संपेपर्यंतच. शेवटचा घातला तो ३१ डिसेंबर २०१६ च्या मध्यरात्री, पण ती मध्यरात्र ग्रीनिचची. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून भारतात तो १ जानेवारी २०१७ ला पहाटे पडला. ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंद, मग ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद, आणि मग साडेपाच. आकडा साठ, पण मोजून एकसष्टावा सेकंद. बहुतेक घड्याळांना असा आकडा दाखवताच येत नाही आणि कित्येक संगणकांना तो पचत नाही. २०१२ च्या लीप सेकंदाने मोठमोठ्या संकेतस्थळांचे सर्व्हर गुडघ्यावर आणले होते. गंमत म्हणजे २०१६ नंतर पृथ्वीने चाल थोडी वाढवली आणि लीप सेकंदाची गरजच पडलेली नाही. उलट एखादा सेकंद काढून टाकावा लागेल की काय अशी चर्चा आहे, आणि हा प्रकार तर आजवर एकदाही झालेला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हर्सायच्या परिषदेत देशांनी ठरवलं की २०३५ पर्यंत ही दर थोड्या वर्षांची शिवणकाम-दुरुस्ती थांबवायची आणि फरक जास्त साचू द्यायचा. मला तो एकसष्टावा सेकंद आवडायचा. पण सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसांची झोपही महत्त्वाची, हे मान्य.

घड्याळ आणायला गेलो तेव्हा काकांनी ते माझ्या कानाशी धरलं. सेकंदाला पाच ठोके. जुन्यातला काटा बाकीच्या दोन काट्यांपेक्षा किंचित पिवळट दिसतो, पण चालतो ऐटीत. रोज किती चुकेल म्हणून विचारलं. "वीसेक सेकंद पुढे जाईल. चावी सकाळी देत जा, रोज त्याच वेळेला." मग त्यांनी चावीचं डोकं खेचून काटे बारावर आणून थांबवले, खिशातून मोबाइल काढला आणि त्याच्यावर नजर ठेवून बाराच्या ठोक्याची वाट पाहत बसले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर भिंगातून वर न बघता म्हणाले, "एक मिनिट हं."